दोन याद्या नावावरून जुळत नाहीत: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

सोसायटीची सभासद यादी आणि बँकेकडून आलेली खात्यांची यादी. अतिवृष्टी अनुदानाची यादी आणि ई-केवायसी झालेल्यांची यादी. शाळेचा पट आणि शिष्यवृत्तीची यादी. मराठवाड्यात तालुक्याच्या गावी ज्याला एक्सेल येतं, त्याच्याकडे अशा दोन फाइली घेऊन कोणी ना कोणी येतंच. मी हे काम बऱ्याच वर्षांपासून करतो. बिघाड दरवेळी तेच असतात, म्हणून ते इथं क्रमाने मांडतो. सूत्रांची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. सेलमध्ये ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.

लक्षणं

- नाव दोन्ही याद्यांत डोळ्यांना दिसतं, तरी व्हीलुकअप (एका यादीतलं नाव दुसरीत शोधून त्याच्यापुढची माहिती आणणारं सूत्र) #एन/ए देतं, म्हणजे ‘सापडलं नाही’ म्हणतं.
- वरच्या ओळी नीट येतात, खाली जावं तसे #एन/ए वाढत जातात.
- उत्तर येतं, पण शेजारच्याच माणसाचा खाते नंबर येतो.
- तुमच्याकडे चालणारी फाइल दुसऱ्याच्या संगणकावर #नेम? दाखवते, म्हणजे तिथल्या एक्सेलला सूत्राचं नाव ओळखता येत नाही.
- आधार किंवा खाते नंबरच्या जागी १.२३ई+११ असं काहीतरी दिसतं.
- जुळणी झाली, पण इकडून मोजली तर एक आकडा आणि तिकडून मोजली तर दुसरा.

एका यादीत ६१२ नावं आणि दुसरीत ५४७ असणं हे मात्र लक्षण नाही. याद्या कमी-जास्त असणारच: कोणी मयत आहे, कोणाचं खातं उघडलेलं नाही, कोणाची केवायसी राहिली आहे. तरीही दोन्ही याद्या अकारविल्हे लावून शेजारी-शेजारी चिकटवणारे लोक मला अजून भेटतात. एका यादीत एक नाव जास्त असलं की त्याच्या खालची प्रत्येक ओळ एका घराने सरकते आणि पैसे भलत्याच्या खात्यावर जातात. याद्या कधीही शेजारी ठेवून जुळवायच्या नाहीत, सूत्रानेच जुळवायच्या.

कामाला हात लावण्याआधी दोन्ही मूळ फाइलींची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. दोन्ही याद्यांत अगदी डावीकडे एक कॉलम घालून १, २, ३ असा मूळ क्रमांक टाका. पुढे कितीही वेळा क्रम बदलला, तरी या क्रमांकावरून यादी पहिल्या रूपात आणता येते. यानंतरच्या सगळ्या दुरुस्त्या मूळ नावाच्या कॉलमात न करता शेजारच्या नव्या कॉलमात करायच्या. मूळ नाव हा पुरावा आहे. उद्या कोणी विचारलं की कागदावर काय होतं, तर ते दाखवता आलं पाहिजे.

पहिली तपासणी: नावावर क्लिक करा आणि वरच्या सूत्रपट्टीत बघा

याला खर्च काहीच नाही आणि निकाल लगेच लागतो. सेलमध्ये मराठी दिसतं, पण वरच्या पट्टीत इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो का? तसं असेल तर यादी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, नाही. ती कृतिदेव, श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. कृतिदेवमध्ये ‘राम’ दिसतो तेव्हा त्या सेलमध्ये खरं तर जे, के आणि ई ही तीन इंग्रजी अक्षरं असतात; मराठी रूप फक्त फॉन्ट दाखवतो. दुसऱ्या यादीतला युनिकोड ‘राम’ त्याच्याशी जन्मात जुळणार नाही. अशा वेळी पुढच्या तपासण्या करण्यात अर्थ नाही, आधी यादी युनिकोडमध्ये आणायला हवी.

शंभर-दीडशे नावं असतील तर सरळ पुन्हा टाइप करा. ते जास्त विश्वासाचं काम आहे. हजारो असतील तर रूपांतराचं सॉफ्टवेअर लागतं, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी यांत चुका राहतात, त्या वाचूनच काढाव्या लागतात. ज्या यादीत आधार किंवा खाते नंबर आहेत, ती पूर्ण फाइल रूपांतरासाठी कुठल्याही अनोळखी संकेतस्थळावर चढवू नका. फक्त नावाचा कॉलम वेगळा काढा आणि तेवढाच वापरा.

सीएसव्ही फाइल (नुसत्या मजकुराच्या रूपातली यादी) डबल क्लिक करून उघडल्यावर सगळीकडे विचित्र चिन्हं दिसत असतील, तर तो वेगळा आणि सोपा प्रश्न आहे. फाइल तशी न उघडता एक्सेलच्या डेटा टॅबमधून मजकूर फाइल म्हणून आत घ्या आणि एन्कोडिंग ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा. मराठी नीट येईल.

दुसरी: सूत्रच बरोबर आहे का

व्हीलुकअपचा शेवटचा, चौथा भाग बघा. तिथं फॉल्स किंवा ० हवं. तो भाग लिहिलाच नाही तर एक्सेल ‘साधारण जवळचं’ उत्तर शोधतं, आणि यादी क्रमाने लावलेली नसेल तर दुसऱ्याच माणसाची माहिती बिनबोभाट आणून ठेवतं. #एन/ए निदान डोळ्यात खुपतं. हे खुपत नाही, म्हणून जास्त धोक्याचं.

खाली जावं तसे #एन/ए वाढत असतील, तर शोधायच्या टापूला, म्हणजे सूत्र ज्या सेलांमध्ये नाव शोधतं त्या भागाला, डॉलरची चिन्हं लावलेली नाहीत. सूत्र खाली ओढलं की टापूही खाली सरकतो आणि वरची नावं त्याच्या बाहेर पडतात. सूत्रात तो टापू निवडून एफ४ दाबा, तो जागच्या जागी बांधला जातो.

व्हीलुकअप टापूच्या सगळ्यात डाव्या कॉलमातच शोधतं. नाव मधल्या कॉलमात असेल तर टापू नावापासून सुरू करा, किंवा इंडेक्स आणि मॅच ही दोन सूत्रं जोडून वापरा. एक्सलुकअप या नव्या सूत्राला ही अडचण नाही आणि ते मुळातच नेमकी जुळणी शोधतं, पण ते मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आणि एक्सेल २०२१ पासून पुढेच आहे. २०१६ किंवा २०१९ च्या संगणकावर तुमची फाइल #नेम? दाखवेल. पंचायत समितीत किंवा सोसायटीत फाइल द्यायची असेल, तर तिथलं एक्सेल कोणतं आहे ते आधी विचारा.

तिसरी: मोकळ्या जागा

नावाच्या शेवटी पडलेली स्पेस डोळ्यांना दिसत नाही. लेन हे सूत्र अक्षरं मोजतं. सारख्या दिसणाऱ्या दोन नावांवर लेन लावा. आकडे वेगळे आले तर चोर सापडला. ट्रिम पुढच्या-मागच्या जागा काढतं आणि दोन शब्दांमधल्या जास्तीच्या जागा एकीवर आणतं.

संकेतस्थळावरून कॉपी केलेल्या याद्यांत मात्र वेगळी जागा असते, क्रमांक १६० ची, आणि ट्रिम तिला हात लावत नाही. सब्स्टिट्यूट वापरून कॅर(१६०) च्या जागी साधी स्पेस घाला आणि मग ट्रिम लावा. एकाच सेलमध्ये दोन ओळी असतील तर क्लीनही लावावं लागतं. पण क्लीन त्या ओळींमधला तोड काढून दोन शब्द चिकटवतं, म्हणून आधी कॅर(१०) च्या जागी स्पेस घाला.

चौथी: आकडे

नावासोबत नंबरही जुळवत असाल तर हे बघा. एका यादीत नंबर आकडा म्हणून आणि दुसरीत मजकूर म्हणून साठवलेला असेल, तर दोन्ही दिसायला सारखे पण एक्सेलला वेगळे. आकड्याचं सेल उजवीकडे टेकतं, मजकुराचं डावीकडे. दोन्हीकडे मजकूरच ठेवा.

आधार १२ अंकी आहे. साध्या सेलमध्ये १२ अंक टाकले की एक्सेल ते ई+११ अशा रूपात दाखवतं. आतला आकडा शाबूत असतो, फॉरमॅट बदलला की परत दिसतो. खाते नंबरचं तसं नाही. एक्सेल १५ अंकांपर्यंतच आकडा नेमका ठेवतं. १६ अंकी खाते नंबर आकडा म्हणून टाइप केला तर शेवटचा अंक शून्य होतो आणि तो परत मिळत नाही. नंबरच्या सुरुवातीचं शून्यही असंच गळतं. तसं झालं असेल तर सूत्रांनी दुरुस्ती होत नाही, मूळ कागद किंवा पासबुकच बघावं लागतं. म्हणून यादी टाइप करण्याआधी तो कॉलम टेक्स्ट करून ठेवा.

पाचवी: तेच नाव दोनदा

काउंटिफ लावून प्रत्येक नाव आपल्याच यादीत किती वेळा येतं ते काढा. दोन्ही याद्यांवर लावा. हे सगळे टाळतात आणि इथंच सगळ्यात महागडी चूक होते, कारण व्हीलुकअप पहिलं नाव सापडलं की थांबतं. एका तांड्यावर राठोड रमेश गोविंद दोन असतील, तर दोघांच्याही पुढे पहिल्याचाच खाते नंबर येईल. #एन/ए येणार नाही, लाल खूण येणार नाही. काउंटिफने १ पेक्षा जास्त दाखवलेलं प्रत्येक नाव रंगवा आणि बाजूला काढा. ती नावं सूत्राने जुळवायचीच नाहीत.

एक सावधगिरी: लांब खाते नंबरवर काउंटिफ लावू नका. ते मजकुरातल्या अंकांनाही आकडा समजतं, आणि पहिले १५ अंक सारखे असलेले दोन वेगळे नंबर एकच म्हणून मोजतं.

सहावी: गोऱ्हे, कुऱ्हाडे, वऱ्हाडे

मराठी याद्यांत हा दोष हमखास असतो आणि त्यावर फार कमी लिहिलं जातं. ‘गोऱ्हे’मधला अर्धा र संगणकात दोन-तीन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात त्यासाठी ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात. लेन लावलं तर पहिल्याचे ६ आणि दुसऱ्याचे ७ येतात.

त्या न दिसणाऱ्या चिन्हाचा क्रमांक ८२०५ आहे, आणि त्याचं भावंड ८२०४. पण ते सरसकट काढून टाकू नका. आधी काढलं तर गोऱ्हेचं ‘गोर्हे’ होतं, म्हणजे डोक्यावर रफार येतो, आणि जुळणी पुन्हा अडते. क्रम असा ठेवा: आधी सब्स्टिट्यूटने ‘र्’ आणि त्याला जोडलेलं युनिकॅर(८२०५) या दोन्हींच्या जागी मिळून ‘ऱ्’ घाला, ते झाल्यावर उरलेली ८२०५ आणि ८२०४ काढा. युनिकॅर एक्सेल २०१३ पासून आहे.

सातवी: माणूस एकच, नाव निराळं

इथपर्यंतचं सगळं काम यंत्राचं होतं. इथून पुढे माणसं माहीत असावी लागतात.

नावाचा क्रम आधी बघा. बँकेत बालाजी ज्ञानोबा शिंदे, सोसायटीत शिंदे बालाजी ज्ञानोबा. आडनाव वेगळ्या कॉलमात काढून दोन्हीकडे एकच क्रम लावा. पण सगळीच नावं अशी सरळ तीन शब्दांची नसतात. आपल्याकडे शेख रहीम शेख करीम हे नाव चार शब्दांचं आहे, त्यात शेख दोनदा येतो, आणि बँकेच्या यादीत त्याचं कधी रहीम करीम शेख होतं तर कधी नुसतं शेख रहीम. ‘पहिला शब्द आडनाव’ असं सूत्र या नावांवर चालवलं तर निम्मी मुस्लिम नावं यादीतून गळतात. ती वेगळी काढून हाताने बघायची.

बायकांच्या नावांचं तसंच. मराठवाड्यातल्या सातबाऱ्यांवर कौशल्याबाई भ्र. तुकाराम जाधव असं लिहिलेलं सापडतं, भ्र. म्हणजे भ्रतार. वडिलांच्या नावाआधी पि. असतं. बँकेत त्याच बाईचं नाव कौशल्या तुकाराम जाधव असतं, आणि खातं लग्नाआधीचं असेल तर माहेरच्या नावाने असतं. भ्र. आणि पि. दोन्हीकडून काढा. टिंबासह आणि टिंबाशिवाय दोन्ही रूपं काढा, पण पुढेमागे स्पेस असेल तेव्हाच. नाहीतर ‘पिराजी’चा पि उडेल.

राव, बाई, आप्पा, जी हे शेपूट एका यादीत असतं, दुसरीत नसतं. जुळणीच्या कॉलमात राव आणि बाई काढायला हरकत नाही. जी काढू नका: बालाजी, संभाजी, पिराजी मोडतात. मग रूपभेद येतात. मारोती आणि मारुती. हणमंत आणि हनुमंत. व्यंकट आणि वेंकट. दत्ता, दत्तात्रय, दत्तात्रेय. किशन आणि किसन. ज्ञानोबा आणि ग्यानोबा. यांची वेगळ्या शीटवर दोन कॉलमांची सारणी करा: डावीकडे सापडलेलं रूप, उजवीकडे तुम्ही ठरवलेलं एक रूप. ही सारणी पुढच्या प्रत्येक यादीला कामी येते.

एक यादी इंग्रजीत असेल तर अडचण दुप्पट. इंग्रजीत ळ आणि ल, ण आणि न, ऱ्हस्व आणि दीर्घ असा फरक राहत नाही. कांबळे, कांबले, कंबळे तिथं एकच. अशा वेळी नावावरून जुळवायचा हट्ट सोडा आणि दुसरी किल्ली शोधा.

आठवी: नावाला सोबत द्या

नाव एकटं कधीच पुरत नाही. प्रश्न एवढाच की त्याला कोणाची सोबत द्यायची. ८-अ च्या उताऱ्यावरचा जमिनीचा खाते क्रमांक (बँकेचा नव्हे) चांगला, पण तो गावापुरताच असतो, शेजारच्या गावात तोच क्रमांक पुन्हा येतो. शिवाय सामाईक खात्यावर भाऊ-भाऊ एकाच क्रमांकावर असतात. गट नंबरचंही तेच. म्हणून गाव, खाते क्रमांक आणि नाव असं तिन्ही जोडून एक कॉलम तयार करा. मोबाइल नंबर किल्ली म्हणून धरू नका; घरातल्या चौघांना एकच नंबर लावलेला असतो.

गावाचं नाव लिहिण्यापेक्षा गावाचा कोड वापरा. पिंपळगाव आणि वडगाव नावाची गावं जवळपास प्रत्येक तालुक्यात आहेत. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी कोड आहे, तो धरला की हा घोळ मिटतो. जिल्ह्याचा कॉलम किल्लीत घेतला असेल तर तिथंही बघा: जुन्या यादीत उस्मानाबाद आणि औरंगाबाद, २०२३ नंतरच्या यादीत धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर. एवढ्या एका कॉलमामुळे अख्ख्या यादीला #एन/ए येऊ शकतो.

नववी: दोन्ही बाजूंनी मोजा

पहिल्या यादीतली नावं दुसरीत शोधा, आणि दुसरीतली पहिलीत. समजा ६१२ पैकी ४९८ जुळली, तर ११४ उरली. उलट बाजूने ५४७ पैकीही ४९८ च जुळायला हवीत, म्हणजे ४९ उरतात. तिकडून ४९८ आणि इकडून ५०३ आले, तर कुठेतरी दोन माणसं एकाच ओळीला जोडली गेली आहेत. पाचव्या तपासणीकडे परत जा.

एक्सेल २०१६ पासून पॉवर क्वेरी, म्हणजे याद्या साफ करून जोडायचं साधन, आतच आहे. त्यातल्या मर्जमध्ये ‘लेफ्ट अँटी’ हा पर्याय फक्त न जुळलेली नावं काढून देतो. दोन्ही दिशांनी चालवा आणि उरलेल्या दोन छोट्या याद्या छापून एकमेकींशेजारी ठेवून वाचा. लांबलचक याद्यांत न दिसलेल्या जोड्या इथं पटापट सापडतात.

मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये त्याच ठिकाणी अंदाजे जुळणीही मिळते, फझी नावाची. तिचा साम्याचा उंबरठा मुळात ०.८० असतो. ती वापरा, पण फक्त सुचवण्यासाठी. कारण आपल्या नावांची घडणच अशी आहे. रामराव किशन जाधव आणि श्यामराव किशन जाधव हे सख्खे भाऊ. तीन शब्दांपैकी दोन शब्द हुबेहूब, तिसराही निम्मा सारखा. यंत्राला हे ‘जवळजवळ एकच’ वाटतं, आणि एका भावाचं अनुदान दुसऱ्याच्या खात्यावर बसतं. ते परत मिळवायला त्या घरात काय काय होतं, ते गावात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. न जुळलेलं नाव उशिराने का होईना पण सापडतं. चुकीचं जुळलेलं नाव कोणी शोधतच नाही. म्हणून फझीने दिलेली प्रत्येक जोडी माणसाने वाचून मंजूर केल्याशिवाय अंतिम यादीत जाऊ देऊ नका.

मंजूर जोड्या ‘नावजोड’ नावाच्या शीटवर ठेवा: पहिल्या यादीतलं नाव, दुसऱ्या यादीतलं नाव, कोणी खात्री केली, तारीख. पुढच्या हंगामात आधी ही शीट चालवायची. याद्या त्याच गावांच्या असतात, माणसंही तीच. दोन-तीन हंगामांत उरणाऱ्या नावांची संख्या इतकी खाली येते की ती एका बैठकीत संपतात.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

उरलेली नावं तुम्हाला ओळखता येत नसतील तर अंदाज करू नका. तो निर्णय तुमचा नाही. सोसायटीची यादी असेल तर गटसचिवाकडे, शेतीची असेल तर तलाठ्याकडे, शाळेची असेल तर वर्गशिक्षकाकडे उरलेल्या नावांचा कागद न्या, आणि प्रत्येक नावापुढे त्यांच्याकडून ‘हाच’, ‘हा नाही’ किंवा ‘माहीत नाही’ लिहून घ्या. ‘माहीत नाही’ असलेलं नाव रिकामंच ठेवायचं.

पुढच्या प्रसंगी एक्सेल बंद करा आणि डेटाचं काम जाणणारा माणूस किंवा संस्थेचा लेखापरीक्षक गाठा: खाते नंबरचे शेवटचे अंक शून्य झालेले दिसले, यादीवरून पैसे आधीच सुटले आहेत आणि चूक नंतर कळली, हजारो नावं जुन्या फॉन्टमध्ये आहेत, किंवा तीन-चार जणांनी आपापल्या प्रतीत दुरुस्त्या केल्या आहेत आणि खरी फाइल कोणती ते कोणालाच सांगता येत नाही. पैसे सुटलेले असतील तर बँकेला त्याच दिवशी लेखी कळवा, यादी दुरुस्त होईपर्यंत वाट बघू नका.

त्यांच्याकडे जाताना दोन्ही मूळ फाइली, मूळ क्रमांकाचा कॉलम असलेली तुमची कामाची फाइल आणि नावजोड शीट द्या. आधारचा कॉलम लागणार नसेल तर काढूनच द्या. लागणारच असेल तर फाइलला पासवर्ड लावा आणि तो फाइलसोबत न पाठवता फोनवर सांगा.